हरताळात विकलेले शेअर

शेअरकाकांनी एखादी गोष्ट समजावून सांगितली की आधी कळलेलंही कळेनासं व्हायचं. गिरगावातल्या आमच्या चाळीत ते टोकाच्या खोलीत राहायचे, एका दलालाच्या पेढीवर काम करायचे आणि चाळीतल्या पाच-सात बिऱ्हाडांचे थोडेथोडके शेअर घ्यायचे-विकायचे. माझे वडील, नाना, शाळामास्तर. "भाव का चढला हो?" असं त्यांनी विचारलं की काका म्हणायचे, "घेणारे वाढले." "आणि घेणारे का वाढले?" "भाव चढतोय ना, नाना!" नाना कपाळाला हात लावायचे आणि कागद पुन्हा त्यांच्याच हवाली करायचे.

कारण काकांवर सगळ्यांचा विश्वास. शेअर विकायचा तर कागदासोबत एका फॉर्मवर सही द्यावी लागे. घेणाऱ्याचं नाव त्यावर मागाहून चढे. असा कोरा फॉर्म माणूस सख्ख्या भावाला देताना दहादा विचार करील, काकांना बिनदिक्कत द्यायचा. घोळ तर व्हायचेच. एकदा आमचे कागद वरच्या मजल्यावर सावंतांकडे गेले आणि त्यांचे आमच्याकडे. काकांनी दोन्ही घरी चहा घेतला, दोन्ही घरी माफी मागितली आणि तेच कागद पुन्हा त्याच घरी ठेवून गेले. शेवटी आईच जिना चढून अदलाबदल करून आली.

ताईचं लग्न ठरलं ते संयुक्त महाराष्ट्राच्या धामधुमीत. खर्चासाठी नानांनी आपले सगळे शेअर काकांकडे दिले. "उद्या विकतो," काका म्हणाले. दुसऱ्या दिवशी हरताळ. मग मोर्चे, लाठ्या, फोर्टकडे जायचे रस्ते बंद. बाजार उघडला तेव्हा भाव कोसळला होता. नाना लग्नाच्या खर्चाची यादी काढून एकेक ओळ खोडू लागले. तेवढ्यात काका आले आणि जुन्या भावाने सगळी रक्कम नानांच्या हातात ठेवली.

"अहो, पण बाजार बंद होता ना?"

"बाजार बंद असतो, माणसं थोडीच बंद असतात!"

आम्हाला काही उमगलं नाही. लग्न मात्र थाटात झालं.

पुढल्या वर्षी विकलेल्या शेअरांचा डिव्हिडंड नानांच्या नावाने पोस्टाने आला. नाना चक्रावले. "नव्या मालकाने नाव चढवलं नसेल. द्या, मी पोचवतो," काका म्हणाले. त्याच्या पुढल्या वर्षीही तेच, आणि तिसऱ्याही. "मालक कोण ते तरी सांगा," असं नानांनी विचारलं की काका इतकं काही सांगायचे की मालक एक की चार हेही कळायचं नाही. नानांच्या डोक्यात किडा वळवळू लागला. आपल्या कोऱ्या सहीचं याने केलं काय? एक दिवस गॅलरीत, सगळ्यांच्या देखत ते म्हणाले, "तुमच्या हातात सही दिली, ही माझी चूक झाली."

"तुमची नाही, नाना," काका एवढंच म्हणाले. महिन्याभरात बाकीच्यांनीही आपापले कागद परत नेले. मलाही ते बरोबरच वाटलं होतं, याची आज लाज वाटते.

काका गेले त्यानंतर पंधरा दिवसांनी काकू आमच्याकडे आल्या. हातात नानांचे शेअर आणि नानांच्या सहीचा तो फॉर्म, अजून कोरा.

"म्हणजे विकलेच नव्हते?" नाना.

"कुठे विकणार? बाजार बंद. आम्ही डोंबिवलीला जागा घेणार होतो, ते पैसे तुम्हाला दिले. भाव आला की विकू म्हणायचे, तो काही आला नाही. स्वतःच्या नावावर चढवायचे तर कंपनी तुम्हाला पत्र घालणार. मग तुम्हाला कळलं असतं ना!"

नानांनी कागद काकूंकडे सरकवले, काकूंनी परत नानांकडे. हे आता नेमके कोणाचे, ते आम्हा कोणालाच सांगता येईना. मग नाना उठले आणि त्यांनी काकूंपुढे हात जोडले. काकू गडबडून गेल्या.

"अहो, हे काय? ते तर शेवटपर्यंत म्हणायचे, 'नाना रागावले ते बरोबरच आहे. खोटं मी बोललो होतो.'"