अक्काची माळ आणि मॉर्फिनची गोळी

मी बोलून बोलून दगडालाही पाझर फोडतो अशी माझी ख्याती. पण दुसरबीडच्या आमच्या थोरल्या अक्कापुढे ती चालली नाही. कॅन्सर हाडात उतरला होता. साध्या गोळ्या झाल्या, जोराच्या झाल्या, दुखणं हटेना. जिच्या आवाजावर आमच्या देवळातली काकड आरती उभी राहायची, तिला देवाचं नावही सलग घेता येईना. बुलढाण्याच्या डॉक्टरीणबाईंनी मॉर्फिन दिलं आणि नीट समजावलं: घड्याळ पाहून घ्यायचं, दुखायची वाट पाहायची नाही, पोट साफ होण्याचं औषध सोबत, आणि सांगितल्याप्रमाणे घेतलं तर व्यसनाची भीती धरायची नाही. अक्काने एवढंच विचारलं, हे अफूचं का? बाईंनी खरं ते सांगितलं. झालं!

परतीच्या गाडीची वाट पाहत एसटी स्टँडच्या बाकावर मी विनवायला लागलो. गळ्यात तुळशीची माळ असताना अफू खाणार नाही, म्हणाली. मग घडीभर माळ काढ, मी म्हणालो. तर माळ नसताना ती पाण्याचा घोटही घेत नाही. गोळी गिळायची कशी? हा पेच वकिलालाही सुटला नसता. मी हातवारे केले, आवाज बदलले, कमरेवर हात ठेवून साक्षात विठोबाही होऊन पाहिलं. स्टँडवरची माणसं हसली. अक्का मात्र कळ येऊन वाकली, आणि माझं नाटक तिथेच संपलं. मनात म्हणालो, देवा, मला जमत नाही, तू बघ.

शेजारचा म्हातारा सगळं ऐकत होता. त्याच्याही गळ्यात माळ. त्याने खिशातून अक्काच्या गोळ्यांसारखीच पट्टी काढली, वेळ झाली म्हणाला, आणि आमच्यादेखत गोळी घेतली.

“माय, लोक नशा करतात नाव विसराले,” तो अक्काला म्हणाला. “मी हे नाव घ्याले खातो.”

“अन् माळ?”

“ज्याची हाय, त्याले समजते.”

पिंपळगाव राजाची गाडी लागली, तो चढला. नाव विचारायचं राहूनच गेलं. अक्काने पिशवीतून गोळी काढली.

“पाणी दे बे,” मग म्हणाली. “अन् तुहा तमाशा आवर.”

सुरुवातीला तिला गुंगी आली. डॉक्टरीणबाईंनी मात्रा बसवून दिली. आजार आहे तिथेच आहे, पण अक्का पुन्हा पहाटे देवळात बसते आणि असा सूर लावते की टाळकऱ्यांची धांदल उडते. सोसणं हीच भक्ती, असं आम्ही धरून बसलो होतो. देवाने पुढे केलेलं घेणं, हेही शरण जाणंच. आरतीला नवं माणूस दिसलं की मी छाती काढून सांगतो, ही आमची अक्का.