टीव्हीसाठी अस्सल मसल कार: श्टुटगार्ट ते हॅम्बर्ग आणि परत त्सुफेनहाउझेन

माझा धाकटा भाऊ समीर मुंबईत एका मराठी वाहिनीत काम करतो. काम करतो म्हणजे इतकी वर्षं दुसऱ्यांच्या कार्यक्रमांच्या केबल गुंडाळत होता आणि पाहुण्यांना चहा नेऊन देत होता. यंदा कुठे त्याला स्वतःचा कार्यक्रम मिळाला: जगभरातल्या जुन्या गाड्या, दर रविवारी अर्धा तास. पहिला भाग साहेबांना पसंत पडला नाही तर ती वेळ पाककृतींच्या कार्यक्रमाला जाणार आणि समीर पुन्हा केबलकडे. फुटबॉलच्या विश्वचषकाचे झेंडे इथल्या बाल्कन्यांतून अजून उतरायचे होते, तेव्हा त्याचा फोन आला.

"ताई, मसल कार पाहिजे. सिक्स्टीजमधली. एकदम ऑथेंटिक."

"अरे, ती अमेरिकेत मिळते. मी जर्मनीत राहते."

"अमेरिकेचा व्हिसा नाकारला. जर्मनीचा मिळालाय."

झालं, प्रवास ठरला.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. मसल कार म्हणजे दोन दारांची जुनी अमेरिकन गाडी, लांबलचक नाक, आठ सिलिंडरचं इंजिन, आणि आवाज असा की शेजारचं झोपलेलं बाळ उठलंच पाहिजे. जर्मनीत त्या भरपूर आहेत. काही इथल्या अमेरिकन सैनिकांनी मायदेशी जाताना विकल्या, बाकीच्या हौशी लोकांनी बोटीने मागवल्या. जर्मन माणूस एखाद्या गोष्टीच्या प्रेमात पडला की आधी त्या प्रेमाची संघटना काढतो, त्यामुळे पत्ते मिळवणं सोपं गेलं.

ऑक्टोबरातल्या पहिल्या मंगळवारी राष्ट्रीय सुट्टी होती, म्हणून सोमवारी मी रजा टाकली. अशा मधल्या रजेला इथे ब्रुकेनटाग, म्हणजे पुलाचा दिवस म्हणतात, आणि त्या पुलावर अख्खा देश आपापली गाडी घेऊन उतरतो. नवऱ्याच्या ऑफिसात काम होतं, म्हणून त्याने स्वतःऐवजी त्याचे वडील दिले. नाना बँकेतून निवृत्त झालेले, तीन महिन्यांसाठी आमच्याकडे आलेले. पुण्यातली आपली मारुती ते रोज सकाळी ओल्या फडक्याने पुसतात आणि वर्षातून दोनदा चालवतात.

पहिली गाडी आमच्याच शहरात, श्टुटगार्टच्या त्सुफेनहाउझेन उपनगरात. ज्या भागात नव्या स्पोर्ट्स कार तयार होतात तिथल्या एका गल्लीत जुनी अमेरिकन गाडी ठेवणं म्हणजे चितळ्यांच्या दुकानासमोर घरच्या वड्या विकायला बसणं. मालक हेर (म्हणजे श्रीयुत) बॉयर्ले शाळेत गणित शिकवतात. शुक्रवारी संध्याकाळी त्यांनी गॅरेजचं दार वर केलं आणि आत लालभडक, पांढऱ्या पट्ट्यांची, आरशासारखी चकचकीत गाडी! समीरने कॅमेरा खांद्यावर घेतला. हेर बॉयर्लेंनी हात वर केला.

"आल्झो, म्हणजे असं बघा, आधी सांगून टाकतो. इंजिन मूळचं नाही. सहा सिलिंडरचं आहे, आठचं मला परवडलं नाही. पट्टे मीच चिकटवलेत. पुढचा बिल्ला इंटरनेटवरून घेतला. सीट दुसऱ्याच गाडीच्या आहेत."

मी एकेका वाक्याचं मराठी करत होते आणि समीरचा कॅमेरा हळूहळू खाली येत होता. शेवटी त्याने विचारलं, "मग ओरिजिनल काय आहे?"

हेर बॉयर्लेंनी प्रामाणिकपणे विचार केला. "स्टिअरिंग. आणि छत. छताचा मागचा भाग सोडून."

बाहेर पडल्यावर समीर चिडून म्हणाला, "एवढं खरं बोलायची काय गरज होती?"

"गाडी मात्र स्वच्छ ठेवलीये हो," नाना म्हणाले.

शनिवारी पहाटेच उत्तरेकडे, वोल्फ्सबुर्गला निघालो. या रस्त्याने जाणार असाल तर कासेलच्या चढांआधी पोट भरून घ्या, कारण तिथे श्टाऊ लागतोच, म्हणजे वाहनांची अशी रांग की माणसं उतरून एकमेकांची विचारपूस करतात. आम्ही मेथीचे धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी तिथेच संपवली. हायवेवरच्या स्वच्छतागृहाला पन्नास सेंट पडतात आणि त्याबदल्यात दुकानात चालणारं कूपन मिळतं. नानांनी ते खिशात जपून ठेवलं. असल्या गोष्टीची पावती मिळते हे त्यांना पुण्यात कुणी खरं मानणार नव्हतं.

वोल्फ्सबुर्ग हे जर्मन गाड्यांचं माहेर. तिथून थोड्या अंतरावरच्या माळावर अमेरिकन गाड्यांचा मेळावा होता आणि शेकडो जर्मन लोक अमेरिकन होऊन बसले होते. डोक्यावर काउबॉय टोप्या, पायात टाचांचे बूट, आणि सॉसेजच्या रांगेत मात्र दोन माणसांमधलं अंतर अस्सल जर्मन. नानांना बटाट्याचे तळलेले काप मिळाले, त्यावरचं मेयोनेज त्यांनी दही समजून आवडीने खाल्लं. इथे गाड्या एकाहून एक देखण्या होत्या. पण ज्याला विचारावं तो शेजारच्या गाडीकडे डोळ्यांनी खुणावून सांगे, ती नकली आहे. असं करत आम्ही अख्ख्या माळाला वळसा घातला आणि पुन्हा पहिल्याच गाडीपाशी आलो. ती पण नकली निघाली होती.

अखेर शर्टावर शेरीफचा तारा लावलेल्या एका दंतवैद्याने आम्हाला बाजूला घेतलं. अख्ख्या उत्तर जर्मनीत एकच गाडी खरी, तो कुजबुजला. हॅम्बर्गच्या पलीकडे एका खेड्यात, हेर येन्झेनकडे. गोठ्यात सापडलेली, कधीही न पुसलेली, कुणाचा हात न लागलेली. फोन केला तर हेर येन्झेन ‘या’ म्हणाला, वर त्याच्याकडे पर्यटकांसाठी भाड्याच्या दोन खोल्याही होत्या.

हॅम्बर्गला पाऊस होता, असतोच. बंदरातल्या फेरीबोटीला शहराचं साधं तिकीट चालतं, तासभर फिरून घ्या, मोठी जहाजं इतक्या जवळून दुसरीकडे दिसत नाहीत. अंधारायच्या आत आम्ही येन्झेनच्या शेतघरी पोचलो. नाना दमले होते, ते थेट खोलीत जाऊन आडवे झाले. आम्हा दोघांना हेर येन्झेनने शेडमध्ये नेलं.

गाडीवर बोटभर धूळ. दारांच्या कडांना तांबूस गंज, बॉनेटवर गंजाचे ओघळ, मागच्या सीटवर उंदराचं घरटं. समीरने बूट बाहेर काढायचे तेवढे बाकी ठेवले.

"हात लावायचा नाही," हेर येन्झेन म्हणाला. "या धुळीत चाळीस वर्षं आहेत. संघटनेतले लोक ही बघायला डेन्मार्कहून येतात."

समीरचे डोळे खरोखर भरून आले. त्याने तिथूनच मुंबईला फोन लावला. "साहेब, मिळाली. हंड्रेड पर्सेंट ऑथेंटिक." सकाळी न्याहारी झाली की शूटिंग, असं ठरलं.

आता लक्षात घ्या, दुसऱ्या दिवशी खंडेनवमी होती. आपल्याकडे त्या दिवशी हत्यारं, यंत्रं, गाड्या धुऊन पुजतात. मी हे साफ विसरले होते, कारण इथल्या कॅलेंडरावर फक्त रविवार होता. नाना विसरले नव्हते. ते नेहमीप्रमाणे सगळ्यांच्या आधी उठले, फिरत फिरत शेडपाशी गेले आणि जी गाडी टीव्हीवर दिसणार तिची ती दशा पाहून त्यांना भडभडून आलं.

मला जाग आली ती बाईच्या ओरडण्याने. "होय्ट इस्ट झोनटाग!" आज रविवार आहे! खिडकीतून पाहिलं तर शेजारच्या आजी कुंपणापाशी उभ्या राहून हातवारे करत होत्या. जर्मनीत रविवारी अंगणात गाडी धुणं म्हणजे शांतताभंग आणि प्रदूषण एकदमच. आणि शेडच्या उघड्या दारात नाना, पँट घोट्यापर्यंत दुमडलेली, हातात गरम पाण्याची बादली आणि भांडी घासायचं लिक्विड.

मी आणि समीर अनवाणी धावलो. फार उशीर झाला होता. गाडी लखलखत होती. बॉनेटवर कुंकवाने श्री काढला होता (या देशात स्वस्तिक काढायचं नाही, हे मी त्यांना पहिल्याच दिवशी बजावलं होतं), चाकांखाली लिंबं होती, आणि येन्झेनच्याच वाफ्यातल्या झेंडूचा हार आरशांना बांधला होता.

"टीव्हीवर यायचं आणि आंघोळ नको?" नाना प्रसन्न हसत म्हणाले.

तेवढ्यात माझं लक्ष जमिनीकडे गेलं. फरशीवरून तांबडं पाणी वाहत होतं. गंज धुऊन जात नसतो, एवढं तर मलाही कळतं. मी दाराची कड बघितली. गंजाच्या जागी गुळगुळीत, कोरा करकरीत निळा रंग होता.

हेर येन्झेन घरातल्या सपाता घालून बाहेर आला. त्याने ते तांबडं पाणी पाहिलं. मला वाटलं आता पोलीस येणार, वकील येणार, नानांचा व्हिसा जाणार. मग तो माझ्या कानाशी लागून खालच्या आवाजात म्हणाला,

"नाटकाचे पडदे रंगवणाऱ्याकडून करून घेतलं होतं. पाण्याने जाणार नाही म्हणाला होता."

"थंड पाण्याने कदाचित गेलं नसतं," मी उगाच म्हणाले.

"गेनाऊ," म्हणजे अगदी बरोबर, तो विचारात पडून म्हणाला.

समीरने विनवलं, चकचकीत तर चकचकीत, आहे तशी शूट करू द्या. येन्झेन ऐकेना. संघटनेने पाहिलं तर तो तोंड कुठे दाखवणार? त्याने शेडला कुलूप घातलं. खोल्यांचं भाडं मात्र तो घ्यायला तयार नव्हता. बदल्यात आम्ही कुणाला काही सांगायचं नाही. (माणसाचं नाव मी इथे बदललंय, आणि गावाचं लिहिलेलंच नाही.)

सोमवारी, ऐन दसऱ्याला, परत. सातशे किलोमीटरचा रस्ता. नाना मागच्या सीटवरून दोनदा म्हणाले, "माझ्यामुळे पोराचं नुकसान झालं." त्या लबाड गाडीचा मला राग येत होता आणि नानांचा येत नव्हता, हे मी त्यांना सांगितलंही, पण त्यांचा चेहरा काही उजळला नाही. समीरचं परतीचं विमान बुधवारी होतं. कॅसेट कोऱ्या होत्या.

मंगळवारी सकाळी आम्ही पुन्हा हेर बॉयर्लेंच्या दारात. समीर म्हणाला, "ताई, फक्त त्यांना सांग, इंजिनाबद्दल बोलू नका." मी सांगितलं. हेर बॉयर्ले म्हणाले, "पण प्रेक्षकांना वाटेल की ते आठ सिलिंडरचं आहे." वाटू दे, हाच तर बेत होता. शेवटी ते जे बोलायचं तेच बोलले, कॅमेऱ्यासमोर, सविस्तर, छताच्या मागच्या भागासकट. समीरने सगळं मुकाट्याने शूट केलं. मी शब्दन्‌शब्द मराठीत उतरवून त्याच्याकडे दिला आणि तो मुंबईला गेला.

डिसेंबरात डीव्हीडी आली. पहिला भाग साहेबांना फार आवडला होता, पुढचे भागही मिळाले. नाना तोवर पुण्याला परतले होते. त्यांनी सोसायटीतल्या सगळ्यांना आपल्याच घरी बसवून तो बघितला. इकडे हेर बॉयर्ले रविवारी दुपारी सफरचंदाचा केक घेऊन आमच्याकडे आले, टाय लावून.

पडद्यावर ते बोलायला लागले, "इंजिन मूळचं नाही," आणि त्यांचा आवाज बारीक करून वर भारदस्त मराठी आवाज आला: "हेर बॉयर्ले अभिमानाने सांगतात, या गाडीचं आठ सिलिंडरचं इंजिन आजही मूळचंच आहे. एकेक स्क्रू अस्सल!" मागे इंजिनाचा म्हणून जो आवाज घातला होता तो बहुधा विमानाचा होता.

हेर बॉयर्ले हसतमुखाने माझ्याकडे वळले. "काय म्हणतोय तो?"

समीरच्या केबल माझ्या डोळ्यांपुढे आल्या. हो, तुम्ही म्हणालात तेच, एवढं म्हटलं असतं तर त्यांना आयुष्यात कळलं नसतं. पण समोर तो टाय होता. मला खोटं बोलवेना. मी सगळं सांगितलं. समीरची नोकरी, केबल, नानांची बादली, सगळं.

त्यांनी केकची बशी खाली ठेवली. तक्रार करतील, पत्र लिहितील, अशी मी मनाची तयारी केली. त्यांनी छताकडे बघत विचारलं,

"किती लोकांनी पाहिलं असेल?"

"बऱ्याच जणांनी," मी म्हणाले.

"हं. इतक्या लोकांना सांगून झालंय म्हणजे…" ते उठले, कोट घातला आणि माझ्या नवऱ्याशी हस्तांदोलन करून गेले.

परवा मी त्यांच्या गल्लीत मुद्दाम गेले. गॅरेजचं दार उघडं होतं. सहा सिलिंडरचं इंजिन जमिनीवर काढून ठेवलेलं, शेजारी अमेरिकेहून आलेली लाकडी पेटी, आणि हेर बॉयर्ले कोपरापर्यंत ग्रीसमध्ये. या प्रवासात मी बघितलेल्या सगळ्या गाड्यांपैकी आठवावीशी ही एकच, आणि तिला तेव्हा इंजिनच नव्हतं. मला पाहून त्यांनी हात पुसले.

"तुमच्या भावाला कळवा," ते म्हणाले, "एप्रिलपर्यंत थोडं थांबायला लागेल. स्क्रूंचं जरा अवघड आहे. पण टीव्हीवर तो जे बोलला ते एप्रिलमध्ये खरं असेल."