लाल धाग्याचा रुमाल

आमच्या लोकेशचे बाबा तेजराम. भरवेलीच्या मँगनीज खदानीत बत्तीस वर्सं काम केलं, पण कोनाचा खिळा बी कधी घरी आणला नाही. हे आधीच सांगते, काहून का पुढं जे झालं त्यातली खरी चोर मीच आहो.

हे रिटायर झाल्यावर लोकेशनं आमचं दोघांचं टिकीट काढलं. अंदमानच्याही खाली, जहाजानं जा लागते असं एक लहानसं बेट. आठच जनाइची टोली, संग गाईड. जंगल दाखवते, कासवं दाखवते, तिथल्या वस्तीत जेवू घालते. माह्ये गुडघे काही मानेनात, म्हणून हे एकटेच गेले. निघताना मी बजावलं, "रिकाम्या हातानं येऊ नका बरं! अमरकंटकहून नर्मदेचं पानी आणलंतं, तसा समुद्रावरून शंख तरी आणजा. मोहल्ल्यातल्या बाया 'काय आणलं' म्हणून इचारतीन, तर मी काय दाखवू?"

यायनं नुसतं "हौ" म्हटलं.

गाईड अनीमा नावाची पोरगी होती. तिचा आजा लाकूडतोडीले रांचीकडून त्या बेटावर आलता. आमचे आजे बी खदानीले असेच आलते, म्हणून दोघांचं लय जमलं. तिनं यायले घरी नेलं, मायच्या हातची मच्छी खाऊ घातली. आन् पयल्याच दिवशी साऱ्याइले सांगितलं, "इथून वाळूचा कण बी न्यायचा नाही. नाहीतर माझं काम जाईल."

तरी तिसऱ्या दिवशी यायले शंख दिसला. कानात माहाच आवाज वाजला असन! रुमालात गुंडाळला आन् साऱ्याइच्या जेवनाच्या थैलीत डब्याखाली ठेवला. मंग काढून घेऊ म्हणे. आन् इसरले.

बंदरावर तपासणी झाली. थैली अनीमाच्या खांद्यावर होती. रुमालासगट शंख निघाला. साहेब ओरडला, "कोनाचा हा?" आठही जन चूप. आमचे बी चूप! शेवटी अनीमा म्हणाली, "थैली माझी आहे." तिचा परवाना तिथंच घेतला.

घरी आल्यावर यायले जेवन जाये ना. "लीला, फोन करून खरं सांगतो," म्हणत. मीच हात धरला. "गप राहा! चोरी म्हणून लिहिलं आन् पेन्शन अडकली तर? तिचं काय, जवान हाय, दुसरं काम भेटंल." जळो माही जीभ! सा महिने मी त्यायले असंच दाबून ठेवलं. मानूस अर्धा झाला. बाया 'काय आणलं' म्हणून इचाराले आल्या, तर हे उठून मागच्या अंगनात जाऊन बसत.

परवा मलेच राहवलं नाही. मीच नंबर लावून दिला. पोरगी आता कोनाच्या दुकानात नारळ सोलते. यायनं रडत रडत सारं सांगितलं. तिनं आयकून घेतलं. मंग हळूच म्हणाली, "काका, मले तवाच माहीत होतं. लाल धाग्यानं कोपरा शिवलेला रुमाल तुम्ही रोज घाम पुसाले काढत होते. मी तुमच्याकडं पाहत होती, तुम्ही बोलान म्हणून."

तो लाल धागा माह्याच हातचा.

"रुमाल धुऊन ठेवला हाय, काका," ती म्हणाली. "पत्ता सांगा, पाठवून देते."

यायले आपल्याच घराचा पत्ता सांगता आला नाही.