‘सुको जवळो’ बँडचं गाऱ्हाणं

हसणार नाही असं आधी कबूल करा, तरच सांगतो. चहाचा कप खाली ठेवा, उगाच अंगावर सांडाल!

आमच्या आचरा गावात रॉक बँड काढायची अक्कल माझीच. मी गिटार वाजवणार आणि गाणार, शेजारचा सावियो ड्रम्सवर, आणि दशावतारात मृदंग वाजवणारा गजा. नाव ठेवलं ‘सुको जवळो’, म्हणजे सुकवलेली बारीक कोळंबी. गावची गाणी रॉकमध्ये आणायची होती, पण आमचा असा सूर काही सापडेना. माझा आवाज भलताच गुळगुळीत. सावियोची आई कौतुकानं म्हणायची, “नंदू, तू गातंस तेवा माका बरी झोप लागता.”

तरी गावच्या जत्रेत संध्याकाळी तासभर मिळाला. आता आमच्याकडे गाऱ्हाण्याशिवाय कुठलं काम सुरू होतं का? मानकरी देवासमोर उभा राहून मागणं मागतो आणि सगळा गाव ‘व्हय म्हाराजा’ म्हणून शिक्का मारतो. मी म्हटलं, पहिलं गाणं गाऱ्हाण्यानंच सुरू करू! काय ही प्रतिभा!

गिटार छेडली आणि सुरू झालो, “बा देवा म्हाराजा, पोरांनी ह्यो बँड काढलो हा, तेका येश दी रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!” गाव गरजला.

मला चेव चढला. पण पुढची ओळच सुचेना. चाल थांबतेय थोडीच? तोंडाला येईल ते गायलो, “बँड चललो तर मी माशे सोडीन रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!!”

पुढची गाणी नेहमीसारखीच बेताची झाली. खाली उतरलो तर आमचे मानकरी तात्या नारळ घेऊन उभे. डोळ्यांत पाणी.

“नंदू, केवढो मोठो नवस बोललंस रे!”

“तात्या, तां गाणां होतां!”

“देवाक काय म्हायत? आख्खो गाव साक्षी आसा.”

अहो, माझं अर्धं आयुष्य बांगड्यात आणि अर्धं सुरमईत गेलेलं! घरी आईनं माशाचं ताट पुढे सरकवलं, “खा गपचूप. बँड खंय चललो हा अजून?”

आणि डोक्यात प्रकाश पडला. बँड चालला तर ना? मग चालूच द्यायचा नाही!

पुढचा कार्यक्रम वेंगुर्ल्यात होता. सावियो-गजाला काही न सांगता मी ठरवून घाण गायलो. सूर सोडला, घसा खरवडला, जेट्टीवर माशांचा लिलाव पुकारतात तसा केकाटलो. माझा आवाज झाकायला गजानं जीव खाऊन मृदंग बडवला, सावियोनं त्याच्यावर ड्रम्स बडवले. वाटलं, आता लोक उठणार.

उठले की! नाचायला!

सावियोनं मला स्टेजवरच मिठी मारली. “आमचो सूर गावलो रे! इतके दिस खंय लपवलं होतंस ह्यो आवाज?”

महिन्याभरात गोव्यापर्यंतची आमंत्रणं आली. मी आणखी वाईट गायलो, आणखी आमंत्रणं आली. शेवटी तात्यांनी स्वतः घरी येऊन माझ्या ताटात दुधीची भाजी वाढली.

लोक विचारतात, आवाजात एवढं दुःख कुठून आणता? मी मान खाली घालून म्हणतो, रियाज. खरं सांगू? प्रत्येक कार्यक्रमाआधी सावियो माझ्यासमोर मांडी घालून तळलेली सुरमई खातो. सावकाश, काटे चोखत. म्हणतो, “मगे तुझो सूर बरो लागता.”

आणि लागतो हो मेला!