आधी गठ्ठा, मग पाकिटं

ब्राउझरकडून आलेल्या मजकुरावर विसंबू नये, असं सांगणारी माणसं पुढं पुष्कळ भेटली. पण ब्राउझरला भांडखोर व्याह्यासारखं वागवणारा माणूस साऱ्या पृथ्वीवर एकच, साताऱ्यातले माझे मालक. मूळ कडेगावचे, फौजेत वायरलेसवर हयात काढलेले. सगळे त्यांना मामा म्हणत. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस वेबसाइटी करून देण्याचं दोन खोल्यांचं दुकान त्यांनी थाटलं होतं. नववीतून शाळा सोडून भंडाऱ्याहून आलेल्या मला, निव्वळ टायपिंग बरं म्हणून, तीन महिन्यांच्या बोलीवर ठेवून घेतलं होतं.

कुणी वेबपानावरचा फॉर्म भरला, की आमच्या सर्व्हरवर त्या माहितीची एकच लांबलचक ओळ येई, आणि अक्षरं किती आहेत तेही ब्राउझर सोबत सांगे. मामा ती ओळ छापून घेत आणि पेन्सिलीनं एकेक अक्षर मोजत. "त्यानं एक्क्याऐंशी म्हनली न्हवं? मग एक्क्याऐंशीच वाचायची. ब्याऐंशीव्याची वाट बघत बसलास तर जलम जाईल!" घरीही हीच तऱ्हा. दोन भाकरी वाढते असं म्हणून मामींनी तिसरी वाढली, की मामा हात आखडत. "आवं, खावा की गुमान," मामी म्हणत, "मी काय ब्राउझर हाय व्हय?"

पुढं सांगलीच्या एका हळद व्यापाऱ्याचं काम आलं. मागणीचा फॉर्म वाचायचा प्रोग्राम मामांनी माझ्यावर सोपवला. हा फसला तर भंडाऱ्याची गाडी धरायची, हे मला ठाऊक होतं. आणि घरी तर मी कंप्युटरवाला झाल्याचं कळवून बसलो होतो. पेढीवर सगळ्यांसमोर शेठजींनी पहिली मागणी स्वतःच भरली, आपल्या आडनावापुढं ऐटीत '& सन्स' लावून. छापून आलेल्या कागदावर नुसतंच आडनाव.

"माझी पोरं कुठं गेली?" शेठजी कडाडले. तिन्ही पोरं मागंच उभी होती.

मामांनी माझा प्रोग्राम वरून खाली वाचला आणि हळूच म्हणाले, "गड्या, ओळीतला एक रकाना दुसऱ्यापासनं तोडायची खूण बी तीच '&' हाय. म्हणून तर नावातली खूण ब्राउझर पाकिटात घालून, म्हंजी दुसऱ्याच अक्षरांत लिवून, धाडतो. आधी गठ्ठा सोडायचा, म्हंजी रकाने तोडायचे, मग एकेक पाकीट फोडायचं. तू समदी पाकिटं आधीच फोडलीस, नि मग गठ्ठा सोडाया बसलास."

एवढं बोलून ते शेठजींपुढं ताठ उभे राहिले. "पोरं वाटेत सांडली, शेठ. चूक माझी. ह्याला शिकवायचं माझ्याकडनं राहिलं."

राहिलं कुठलं! खरीखुरी पाकिटं टेबलावर मांडून त्यांनी मला ते दोनदा शिकवलं होतं. मी खाली मान घालून प्रोग्राममधल्या दोन ओळींची अदलाबदल केली, पोरं कागदावर परतली, चहा आला.

परतीच्या एसटीत मामा एवढंच म्हणाले, "सोमवारी आठाला ये. लय कामं हायत." मी तीन महिन्यांसाठी आलो होतो, सहा वर्षं राहिलो. त्या पेढीवर मी गप्प बसलो होतो, म्हणून त्या दिवशी एसटीत कऱ्हाड मागं पडल्यावर चूक माझीच होती असं सांगायला त्यांच्याकडं वळलो, तर ते खिडकीला डोकं टेकून झोपी गेले होते. उठवावंसं वाटलं नाही. नंतर सांगू म्हटलं, आणि मामा असेपर्यंत ते सांगायचं राहूनच गेलं.