गाडीसमोर बसवणारा मिस्त्री

समोरून येणारे गाडीवाले दिव्यांची उघडझाप करून मला नमस्कार करतात, अशी माझी तीन आठवडे समजूत होती. हसू नका, मीही उलट दिवे मारून नमस्कार परत करत असे. वय साठीला टेकलेलं, गाडी शिकून जेमतेम वर्ष झालेलं. वाटलं, बाई स्टीअरिंगवर दिसली म्हणून खापरखेड्याच्या रस्त्याला कौतुक वाटतंय. कोळशाचे ट्रकवालेसुद्धा किती सुसंस्कृत, असं मी शेजारणीला सांगूनही टाकलं होतं. त्या वेळच्या माझ्या हाती आजची मी टॉर्चसुद्धा देणार नाही.

गाडी शिकायचं कारण मात्र हसण्याचं नव्हतं. ह्यांच्या किडन्या थकल्या आणि आठवड्यातून तीनदा डायलिसिससाठी नागपुरातली धंतोली गाठावी लागे. ड्रायव्हर टिकेनात. परतताना दिवेलागण होई. हे मागच्या सीटवर उशीला टेकून आडवे, डिकीत घडीची व्हीलचेअर, आणि पुढे मी, काचेला नाक लावून. रस्ता दिसतच नसे. एकदा म्हैस दिसली ती पार बॉनेटपाशी आल्यावर. ह्यांना धडपणे घरी आणायचं, एवढंच काम होतं आणि त्याचीच मला धास्ती होती.

म्हणून दिव्यांचे बल्ब मोठे करून घ्यायला गावाच्या तोंडाशी असलेल्या वायरिंगवाल्याकडे गेले. पत्र्याची शेड, मागच्या भिंतीवर गेरूच्या आडव्या-उभ्या रेघा, आणि मधोमध पाय कापून बुटकं केलेलं एक स्टूल. तुम्हीही असे मिस्त्री पाहिले असतील, जे गाडीच्या मालकाकडे न बघता गाडीशीच बोलतात. ह्याच्या कानावर टेस्टर असे आणि खिशात फ्यूज, भाजलेल्या दाण्यांसारखे. दिव्याचं काम घेऊन आलेल्या प्रत्येकाला तो आधी त्या स्टुलावर, त्याच्याच गाडीच्या दिव्यासमोर बसवी. वरातीच्या गाडीला निळे दिवे मागणाऱ्या एका नवरदेवाला त्याने मुंडावळ्यांसकट बसवलं होतं म्हणे.

मलाही म्हणाला, "अगोदर समोर बसा, बाई."

"मला बसायला वेळ नाही. मोठे बल्ब टाक."

"नाई टाकत."

"काहून?" मी त्याच्याच भाषेत विचारलं.

"काच पिवळी झाली, ते घासू. वायर सडली, ते बदलू. मग पाहू."

तीस वर्षं शाळेत शिकवलेलं. गृहपाठ न करणारा मुलगा मला लांबून ओळखू येतो. मी ह्याला त्याच रांगेत बसवला आणि तडक नागपुरात एका गुळगुळीत दुकानात गेले. तिथे सोफा होता, कॉफी होती, आणि दुधासारखा पांढरा उजेड देणारे बल्ब होते. अर्ध्या तासात बसवून मिळाले. त्या रात्री मला रस्त्यावरचा खडा न् खडा दिसला. नमस्कारही तेव्हापासूनच सुरू झाले.

तीन आठवड्यांनी, धंतोलीहून परतताना, मी मुद्दाम त्याच्या शेडसमोर गाडी थांबवली. त्याला जरा शिकवायचं होतं.

"बघ हा उजेड! लोक दिवे मारून नमस्कार करतात. मीसुद्धा करते परत."

तो वायर सोलत होता. कोपराला पट्टी होती. मान वर न करता म्हणाला, "हाव. परवा मलेही केला तुम्ही. पुलापाशी."

"म्हणजे?"

"मी मोपेडवर होतो. मले दिसेना म्हणून डिपर मारला. तुम्ही उलटून अप्पर मारला, पुरा उजेड डोळ्यांत. मग मी गिट्टीत गेलो."

तो रागावला मात्र नव्हता. ह्यांना हात देऊन उतरवत म्हणाला, "साहेब, दोन मिनिटं उभे राहता का?" आणि मला, "बसा आता."

बसले. दिवे लागले. डोळ्यांत चुन्याची बादली ओतल्यासारखं झालं.

"कोण उभं आहे?" त्याने विचारलं.

"कुठे? कोणीच नाही."

"अवं, मीच होय," दिव्याच्या शेजारून ह्यांचा आवाज आला.

तीन पावलांवर, बॉनेटला हात टेकून, थकलेले माझे यजमान उभे होते. ज्यांच्यासाठी हा सगळा उजेड विकत घेतला, तेच मला दिसले नव्हते.

त्याने ते पांढरे बल्ब काढले. "ह्या काचेत हे चालत नाई, उजेड सांडून राहिला चारीकडे." काच घासली, वायर बदलली, कंपनीचेच साधे बल्ब नवे बसवले. मग ह्यांना पुन्हा मागे आडवं केलं, उशी दिली, डिकीत व्हीलचेअर ठेवली आणि मला स्टीअरिंगवर बसवलं. मागे वजन असलं की गाडीचं नाक वर होतं आणि दिवे झाडांच्या शेंड्यांवर पडतात, हे मला तेव्हा कळलं. दिवा कमी नव्हताच, तो कावळ्यांच्या घरट्यांत जात होता! भिंतीवरच्या रेघांकडे पाहत त्याने स्क्रू पिळला आणि उजेड खाली रस्त्यावर आणला.

त्या दिव्यांवर आम्ही पावणेदोन वर्षं धंतोली केली. कुणी नमस्कार केला नाही.

मग हे गेले.

तो मिस्त्रीही आता नाही. शेडच्या जागी मोबाईलचं दुकान आहे. पण हे गेल्यावर चौदाव्या दिवशी तो न बोलावता घरी आला होता. भेटायला आला असेल म्हणून मी खुर्ची दिली. तो बसला नाही, किल्ली मागितली. गाडी अंगणात कंपाउंडच्या भिंतीसमोर लावली आणि खिशातून स्क्रू-ड्रायव्हर काढून पुढे उकिडवा बसला.

मी म्हटलं, "दिवे चांगले आहेत रे. आणि आता मला जायचंय कुठे? विकूनच टाकते गाडी."

तो स्क्रू पिळतच म्हणाला, "मागची सीट रिकामी झाली, बाई. गाडीचं नाक खाली आलं, उजेड जवळच पडून राहिला. थोडा वर घेऊन देतो. जाल तिकडे दिसन."