पुढची सीट रिकामी

"मागे आहात ना?" असं काका विचारायचे, पण मान वळवायचे नाहीत. लालबागच्या बाजारात ते पुढे आणि मी पिशवी घेऊन मागे. मासळीचा भाव, टॉवरची लिफ्ट, सुनेच्या हातची आमटी, सगळं ते समोर बघत बोलायचे. मागून "आहे, काका" असं आलं नाही की जागच्या जागी उभे राहायचे. मागची हातगाडी थांबायची, स्कूटरवाला हॉर्न वाजवायचा, पाटी घेतलेली कोळीण काय बोलायचं ते बोलून घ्यायची. तरी मान वळायची नाही. माझं उत्तर आलं की स्वारी पुन्हा चालू.

तुमच्याही ओळखीत असं कुणी असेल, ज्याची खोड पहिल्या दिवशी कळते आणि कारण कळायला वर्षं जातात. मी मुळातच भोचक, त्यामुळे मला कारण जरा लवकर कळलं.

करी रोडची आमची चाळ पडून टॉवर झाला, तेव्हा काका आमच्या वरच्या मजल्यावर राहायला आले. मूळचे चाळीतलेच. वडील गिरणीत जॉबर, म्हणजे मुकादम. काका मात्र तरुणपणी हवाई दलात गेले, विमान चालवायला शिकले आणि पुढे नव्या पोरांना शिकवायला लागले. तिथून बाहेर पडल्यावर एका फ्लाइंग क्लबात तेच काम आणि विमानही तेच. गल्लीत सगळे त्यांना पायलटकाका म्हणत.

विमान म्हणजे टायगर मॉथ. "लाकूड, तारा आणि कापड," काका सांगायचे, "आपल्या बापसांनी गिरणीत विणलं तसलंच कापड." त्यात दोन उघड्या सीट, एकीमागे एक. मास्तर पुढे, विद्यार्थी मागे, आणि दोघांत बोलायला एक नळी. मागच्याचं तोंड मास्तरला दिसत नाही. तो जागा आहे का, घाबरलाय का, हे सगळं नळीतून विचारायचं. काकांनी उमेदीची सगळी वर्षं त्या पुढच्या सीटवर काढली होती. बाजारातही ते तिथेच बसलेले असायचे, दुसरं काही नाही.

"फौजी पोरगा आणि सिव्हिल पोरगा नळीतून लगेच ओळखू येतो," ते म्हणायचे. "फौजी कळो न कळो, येस सर. एकाला विचारलं, खाली नदी दिसते का? येस सर. म्हटलं, खाली समुद्र दिसतो का? येस सर. आम्ही होतो शेतावर."

"आणि सिव्हिल?"

"तो आधी 'का' विचारतो."

काळबादेवीचा एक कापडवाला हौसेने शिकायला यायचा. काका सांगत, हजार फुटांवर जा. तो नळीतून विचारी, "नऊशे चालेल का, साहेब?" काकांना तो फार आवडायचा. घासाघीस करणारा माणूस निदान नीट ऐकत तरी असतो, असं त्यांचं मत होतं.

एकदा मी विचारलं, "पण काका, पोराला एकट्याला कधी सोडायचं?" तेव्हा कळलं की एक दिवस मास्तर पुढच्या सीटवरून उतरतो आणि बाजूला होतो. विमानाचा तोल सांभाळायला विद्यार्थी मागेच बसतो आणि तसाच एकटा वर जातो. "पण आजच उतरायचं, हे मास्तरला कसं कळतं?" मी विचारलं. "कळतं," एवढंच म्हणून काका बांगडे निवडायला लागले. एरवी लिफ्टवर अर्धा तास बोलणारा माणूस. मला तिथेच खटकलं.

माझा धंदा प्रदर्शनातले स्टॉल उभारण्याचा, त्यामुळे आमच्या मंडळाच्या गणपतीचा देखावा दरवर्षी माझ्याच गळ्यात. त्या वर्षी पोरांनी ठरवलं, आपल्या गल्लीतला पायलट, तर आपल्या देखाव्यात त्याचंच विमान. प्लाय आणि बांबूचा सांगाडा, वर मांजरपाट, त्यावर पिवळा रंग. पंखा फिरवायला एक मोटर, विमान हळूच डावी-उजवीकडे कलायला दुसरी. काका रोज संध्याकाळी मंडपात यायचे, शेपटीची उंची बघायचे आणि खूश होऊन जायचे.

पोरांनी त्यांच्यापासून एकच गोष्ट लपवली होती. मूर्तिकाराकडून त्यांनी दोन पुतळे करून घेतले होते. मागे शिकाऊ कॅडेट आणि पुढे साक्षात काका. पांढऱ्या मिशा, पुढे आलेली हनुवटी, सगळं हुबेहूब. पुतळे बसले तेव्हा काकांना बोलावलं. पोरं कौतुकाची वाट बघत उभी राहिली.

काकांनी दोन्ही पुतळे बघितले. मग म्हणाले, "पुढचा काढा."

मंडळाचा सेक्रेटरी संतोष, त्याचा चेहराच पडला. "काका, तुम्हीच आहात तो."

"म्हणूनच सांगतोय. काढा."

"अहो, सीट रिकामी काय बरी नाय दिसत. पब्लिक बोलेल, पायलट पळाला."

काका निघून गेले. आणि त्या संध्याकाळी पहिल्यांदाच ते मागे कोण आहे हे न विचारता चालले होते. मी मागोमाग गेलोच. भोचकपणा दुसऱ्या कुठल्या दिवसासाठी राखून ठेवायचा? टॉवरखालच्या कठड्यावर बसून त्यांनी सांगितलं.

क्लबात गिरगावची एक मुलगी शिकायला यायची. वडील शाळेत मास्तर. पहिल्याच दिवशी हात जोडून म्हणाले होते, एकुलती एक आहे, सांभाळा. मग दर रविवारी हँगरबाहेरच्या बाकावर छत्री घेऊन बसून राहायचे.

"हवाई दलात पोराला एकटं सोडताना मला कधी काही वाटलं नाही," काका म्हणाले. "तिथं मागे सगळं दल असायचं. इथं मागे तो बाकावरचा माणूस. दर रविवारी ठरवायचो, आज उतरतो. चाकं टेकली की तोंडातून यायचं, चला, अजून एक राउंड."

"तिची तयारी नव्हती?"

"हवाई दलातली असती तर कधीच सोडली असती. तिच्यात काही कमी नव्हतं हो. मीच भ्यालो."

असे किती रविवार गेले ते त्यांनी सांगितलं नाही. जुनी झाली म्हणून एक दिवस ती विमानं बंद झाली. नवी येईपर्यंत तिचे वडील गेले, घर तिच्यावर आलं, तिने सचिवालयात नोकरी धरली. एकटीने उडायचं राहिलं ते राहिलंच.

"काही बोलली नाही ती?"

"येस सर म्हणायची. दर वेळी."

मला त्या म्हाताऱ्याची इतकी दया आली की मी तिथून थेट मंडपात गेलो आणि संतोषशी भांडून पुढचा पुतळा काढला. संतोष दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. दुसऱ्या दिवशी काकांनी मागचा कॅडेटही बदलायला लावला. तिथे मुलगी हवी होती. मूर्तिकाराने तिला लांब वेणी लावली, तर म्हणाले, "वेणी नको, ती टोपीत जाते." रिकाम्या सीटचे पट्टे त्यांनी स्वतः शिडीवर चढून आवळून बांधले, कारण सुटे राहिले तर विमान वळवायच्या दांड्यात अडकतात. प्लायच्या विमानात दांडाच नव्हता, पण ते कुणी बोललं नाही.

त्या मुलीला बोलावणं करायला मात्र त्यांनी गिरगावातला जुना पत्ता देऊन मलाच धाडलं. स्वतः जायचा धीर झाला नाही. तिथे तिसऱ्या मजल्यावर ऐंशीच्या आसपासच्या बाईंनी दार उघडलं. लालबागच्या मंडळाकडून आलोय म्हटल्यावर त्या वर्गणीसाठी पर्स शोधायला लागल्या. मी घाईघाईने विमानाचं सांगितलं, कुणी बोलावलंय तेही सांगितलं. त्या पर्स तशीच हातात धरून उभ्या राहिल्या.

"पुढे ते बसलेत का?" त्यांनी विचारलं.

"तुम्ही या आणि बघा," मी म्हटलं.

देखावा खुला झाला आणि संतोषचं म्हणणं खरं ठरलं. रांगेतून लोक ओरडत होते, "अरे, पुढचा कुठाय? चहाला गेला काय?" काका रोज दुपारपासून खुर्ची टाकून बसायचे आणि ते सगळं निमूटपणे ऐकायचे. बाई एक दिवस नाही आल्या, दुसऱ्या दिवशी नाही आल्या. काका मला काही विचारायचे नाहीत.

काका जाऊन आता बरीच वर्षं झाली. पण त्यांचं नाव निघालं की मला आठवते ती त्याच गणपतीतली पुढची एक दुपार. बाई टॅक्सीने आल्या, एकट्या, काठी टेकत. आमची पोरं रांगेला "चला, पुढे चला" करत होती. काका खुर्चीवरून उठले आणि तिथेच उभे राहिले. बाईंनी गणपतीला हात जोडले, मग विमानाकडे बघितलं. मागे टोपी घातलेली मुलगी. पुढे नुसते बांधलेले पट्टे.

"उतरायला फार वेळ लावलात, सर," त्या म्हणाल्या.

"हो," काका म्हणाले.

वर मोटर चालू होती. विमान हळूच डावीकडे कललं. बाईंनी काठी डाव्या हातात घेतली आणि त्यांचा उजवा हात कमरेपाशी, दांडा धरल्यासारखा, किंचित हलला, विमानाबरोबर डावीकडे, मग परत मधे. काकांचं लक्ष त्या हातावर होतं. काहीतरी सांगायला त्यांनी तोंड उघडलं, आणि मिटलं. मग ते हळूहळू बाजूला झाले आणि माझ्याजवळ दोरीपाशी येऊन उभे राहिले.

"रांग सोडू?" संतोषने विचारलं.

"थांब जरा," मी म्हटलं.